पॅकहाऊसवर सहा वर्षं झाली, पण बायोडाट्यात ‘कौशल्ये’ या रकान्यात काय लिहायचं?

केळीपट्टा_रावेर

राम राम मंडळी.

रावेर तालुक्यात केळी निर्यातीच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे. वय २९, मुक्त विद्यापीठातून बी.ए. रोजचं काम थोडक्यात: कापणीच्या टोळ्या कोणत्या बागेत जाणार ते ठरवणं, घड आले की कॅलिपरने माप बघणं, धुण्याच्या हौदातलं पाणी आणि तुरटी बघणं, १३ किलोची पेटी भरून वजन, पेटीवर बागेचा कोड, शीतगृहात रचणं, कंटेनर भरून न्हावा शेवाला रवाना करणं. हंगामात हाताखाली ४० ते ४५ माणसं, त्यातली बरीच पाल भागातली पावरा मंडळी.

आता नाशिक किंवा मुंबईकडे शीतगृह, वखार, मालवाहतूक अशा ठिकाणी प्रयत्न करायचा आहे. बायोडाट्यात ‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर’ लिहिलंय. ते वाचून कोणाला काय कळणार, हे मलाच कळत नाही.

विचारायचं असं: स्वतःची कौशल्यं नेमकी ओळखायची कशी? ऑनलाइन चाचण्या मिळतात त्यांचा काही उपयोग आहे का? आणि कामाचा अनुभव आहे पण कागद नाही, त्याला काय करायचं?

तापी_वाघूर

भाऊ, ते तिन्ही शब्द आधी खोडा. ती विशेषणं आहेत. कौशल्य क्रियापदात सापडतं: मोजणं, ठरवणं, पटवणं, रचणं, दुरुस्त करणं. विशेषण कोणीही लावून घेतं. क्रियापद लावलं की ‘किती? कसं? कुणासाठी?’ हे प्रश्न येतात आणि उत्तर देणारालाच ते लिहिता येतं.

बसून आठवायला गेलात तर हाती काही लागणार नाही. जे काम अंगवळणी पडलंय ते आठवणीत येतच नाही, आणि तुमचं सगळ्यात पक्कं कौशल्य बहुधा तिथेच लपलेलं असतं. म्हणून वही घाला. साधी आखलेली वही, पानाला चार रकाने, कामाचे १४ दिवस. पहिल्या रकान्यात काय केलं. दुसऱ्यात कोणी सांगितलं होतं की स्वतः ठरवलं. तिसऱ्यात हे चुकलं असतं तर काय बिघडलं असतं. चौथ्यात काम झाल्यावर बरं वाटलं की जीव थकला. दिवसातून दोनदा लिहा, जेवणाच्या सुट्टीत आणि निघताना. रात्री घरी जाऊन लिहायचं म्हटलं की तिसऱ्या दिवशी वही बंद पडते, आणि लक्षात राहतात ती फक्त भांडणं.

तुमच्याच कामातली एक नोंद घेऊ:

‘सकाळी ९.४०. पहिल्या गाडीत वरच्या फण्या मापात, शेवटच्या दोन बारीक. त्या वेगळ्या काढून लोकल मालात टाकायला लावल्या. बागायतदाराला फोन, उरलेली कापणी चार दिवस पुढे. टोळी दुसऱ्या बागेत वळवली.’

नोंद चार ओळींची, पण आत काय काय आहे बघा. मापावरून प्रत ठरवली. माल नाकारायचा निर्णय घेतला, ज्यात पैसा अडकलेला आहे. ज्याचा माल नाकारला त्याला असं सांगितलं की चार दिवसांनी तो परत तुम्हालाच बोलावेल. आणि रिकामी होणारी टोळी बसू न देता कामाला लावली. ही चार वेगळी कौशल्यं झाली. बायोडाट्यात मात्र हे सगळं ‘पॅकहाऊस सुपरवायझर’ या दोन शब्दांत गाडलं गेलंय.

१४ दिवसांनी एक काम करा. ज्या नोंदींत ‘स्वतः ठरवलं’ आहे आणि तिसऱ्या रकान्यात नुकसान मोठं आहे, त्यांना लाल पेनने गोल करा. सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करणं हे कर्तव्य. न सांगता बरोबर निर्णय घेणं हे कौशल्य. बहुतेकांची गल्लत इथेच होते, ते कर्तव्यांची यादी लिहितात. ‘कंटेनर भरणे’ हे कर्तव्य आहे. कुठली पेटी आधी, कुठली नंतर, हवा खेळायला जागा कुठे, दार किती वेळ उघडं ठेवायचं, हे ज्याला कळतं त्याच्याकडे कौशल्य आहे.

गोल केलेल्या नोंदींचे मग तीन ढीग करा. केळीपुरतं, कुठल्याही नाशवंत मालाला चालेल असं, आणि कुठेही चालेल असं. कॅलिपर पहिल्या ढिगात. १३ ते १४ अंशांत माल का ठेवायचा, पारा त्याखाली गेला की साल काळवंडते आणि फळ पुढे नीट पिकत नाही, तापमानाची नोंद वाचून गडबड कशी ओळखायची, हे दुसऱ्यात. अंशाचा आकडा द्राक्षाला किंवा डाळिंबाला वेगळा असेल, पण नोंद वाचायची नजर तीच. ४५ माणसांचं रोजचं नियोजन, बागायतदाराला नकार देणं, वजनाचा आणि पेट्यांचा मेळ घालणं हे तिसऱ्यात. नाशिकची द्राक्षं असोत की मुंबईची वखार, दुसरा आणि तिसरा ढीगच तुमच्याबरोबर येणार. पहिल्याचा अभिमान ठेवा, पण बायोडाट्यात त्याला एकच ओळ द्या.

एक गोष्ट तुम्ही प्रश्नात सहज लिहून गेलात: पावरा मंडळी. त्यांच्याशी पावरीत बोलता का? बोलत असाल तर ते कौशल्य आहे. घरची लेवा बोली, बाजारातली मराठी, बऱ्हाणपूर-दिल्लीकडच्या व्यापाऱ्यांशी हिंदी आणि टोळीशी पावरी, अशा चार भाषांत जो दिवसभर काम काढतो त्याला आपल्याकडे कोणी भाषाकुशल म्हणत नाही. म्हणायला हवं.

भुसावळ_जंक्शन

वही उत्तमच. पण वहीत माणूस स्वतःच स्वतःकडे बघतो, त्यामुळे अर्धंच दिसतं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ साली ‘जोहरी खिडकी’ मांडली, तिचं एक तावदान नेमकं हेच आहे: जे इतरांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. ते तावदान दुसऱ्याला विचारल्याशिवाय उघडत नाही.

पाच जणांना विचारा. मुकादम, एखादा ट्रकचालक, हिशोब बघणारा, निर्यातदाराचा क्वालिटीवाला आणि एक बागायतदार. घरच्यांना आणि जिवलग मित्रांना यात घेऊ नका, ते प्रेमाने बोलतात. मालकालाही एवढ्यात नको, नोकरी सोडायचा वास लगेच लागतो.

प्रश्न कसा विचारता यावर सगळं आहे. ‘माझ्यात काय चांगलं आहे?’ विचारलं की समोरचा अवघडतो आणि ‘तुम्ही फार चांगले आहात भाऊ’ म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा तीन प्रश्न विचारा:

कोणतं काम अडलं की तुम्ही मलाच फोन करता?
मी चार दिवस रजेवर असलो तर काय बिघडतं?
कोणतं काम माझ्याकडे द्यायला तुम्ही कचरता?

तिसरा प्रश्न विचारायला जड जातो, पण टाळू नका. एकेकाला वेगळं गाठा, चहावर नाहीतर फोनवर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलंत तर पहिला जे लिहील त्यालाच बाकीचे अंगठा दाखवतील. उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आपल्या भाषेत सुधारू नका. पाचांपैकी तिघांच्या बोलण्यात जे येईल ते पक्कं समजा. एकाच्याच बोलण्यात आलं तर वहीत त्याची खूण सापडते का ते बघा.

यानंतर प्रत्येक कौशल्यापुढे पायरी लिहा. सोप्या चार पायऱ्या पुरतात: कोणी शेजारी असेल तर जमतं, एकट्याला जमतं, बिघडलं तरी सावरता येतं, दुसऱ्याला शिकवता येतं. दहापैकी किती गुण असं करू नका. दहापैकी सात म्हणजे काय ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. पायरीला मात्र पुरावा लागतो. ‘शिकवता येतं’ लिहिलं तर कोणाला शिकवलं आणि तो आज ते काम एकटा करतो का, हे सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

पांझरा_काठ

चाचण्या आणि कागद यांबद्दल लिहितो.

नेटवर फुकट मिळणाऱ्या बऱ्याच चाचण्या जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून मांडलेल्या सहा प्रकारांवर आधारलेल्या असतात: हाताने काम करणारा, शोध घेणारा, कलात्मक, माणसांत रमणारा, पुढाकार घेऊन पटवणारा आणि नोंदी-शिस्तीत रमणारा. त्या आवड मोजतात, कौशल्य मोजत नाहीत. हे लक्षात ठेवून दिली तर उपयोग आहे. निकालात या प्रकारांची इंग्रजी आद्याक्षरं क्रमाने येतात, त्यातली पहिली तीन घ्या आणि वहीच्या चौथ्या रकान्याशी ताडून बघा. दोन्हीकडे ‘माणसांत रमणारा’ खाली आला आणि तुम्ही दिवसभर माणसंच हाकत असाल, तर पुढची नोकरीही तसलीच शोधणं बरं नाही. आजचा मूड वाईट असेल तर उत्तरंही वाईट येतात, म्हणून दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा द्या. पैसे घेऊन बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारे शहरोशहरी बसलेत. त्याला शास्त्राचा आधार नाही, तिथे रुपयाही घालू नका.

कौशल्याला नाव काय द्यायचं हा खरा अडसर असतो. त्यासाठी दोन सरकारी गोष्टी आहेत, दोन्ही फुकट. एक, राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५. त्यात एकेका व्यवसायाखाली तो माणूस नेमकं काय करतो ते वाक्यांत लिहिलेलं आहे. नॅशनल करिअर सर्व्हिसच्या पोर्टलवर नोंदणी केली की कामाचे प्रकारही याच वर्गीकरणाप्रमाणे दिसतात. दुसरी, क्षेत्र कौशल्य परिषदांचे, म्हणजे एकेका उद्योगक्षेत्रातली कौशल्यं ठरवणाऱ्या संस्थांचे, क्वालिफिकेशन पॅक. तुम्ही लॉजिस्टिक्स परिषदेचा वेअरहाऊस सुपरवायझरचा पॅक काढा आणि कृषी परिषदेचे काढणीपश्चात कामांचे बघा. आत कामाचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाखाली ‘हे करता आलं पाहिजे’ अशी ओळवार यादी असते. छापून घ्या, प्रत्येक ओळीपुढे भुसावळ_जंक्शन यांची पायरी लिहा. तासाभरात कळतं की निम्म्याहून जास्त गोष्टी तुम्ही रोज करता, फक्त त्यांना तिथे वेगळं नाव आहे. पेट्या रचताना ‘आधी आलेला माल आधी बाहेर’ हे तुम्ही पाळता, वखारीत त्याला ‘फिफो’ म्हणतात. नाव माहीत नसलं तर मुलाखतीत माणूस गप्प बसतो, आणि समोरच्याला वाटतं की येत नाही.

कागदाचं: अनुभव आहे पण प्रमाणपत्र नाही, अशांसाठी आरपीएल आहे, म्हणजे आधी शिकलेल्याची मान्यता. पंतप्रधान कौशल्य विकास योजनेखाली २०१५ पासून ही सोय आली. यात अख्खा कोर्स करायचा नसतो. आधी समुपदेशन, मग काय येतं-काय नाही याची तपासणी, कमी पडतं तेवढंच छोटं प्रशिक्षण, मग परीक्षक प्रत्यक्ष काम आणि तोंडी-लेखी घेतो. अडचण अशी की तुमच्या जॉब रोलची बॅच जवळपास चालू असेलच असं नाही. म्हणून आधी जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात चौकशी करा. ही केंद्रं जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे आहेत. जाताना आधार, बी.ए.ची गुणपत्रिका, बँकेचं पासबुक आणि सध्याच्या ठिकाणचं कामाचं पत्र न्या. पत्रात हुद्दा, कधीपासून आणि कामाचं स्वरूप हवं. नुसतं ‘आमच्याकडे काम करतो’ असं नको.

केळीपट्टा_रावेर

सगळ्यांचे आभार. आठवडाभर वही लिहिली आणि चार जणांना विचारलं. चौघांपैकी तिघं एकच बोलले: ‘गाडी उशिरा आली, माल पडून राहिला, की तुम्हाला फोन.’ हे माझ्या यादीत नव्हतंच. आणि हो, पावरी येते.

चार ओळी केल्यात, बघा:

१) मनुष्यबळ व्यवस्थापनाचा उत्तम अनुभव
२) गुणवत्ता नियंत्रणाचं सखोल ज्ञान
३) लॉजिस्टिक्स हाताळलं आहे
४) कॉम्प्युटरचं ज्ञान

तापी_वाघूर

भाऊ, क्रियापदं परत पळाली! वहीत आहे ते ओळीत येऊ द्या. साचा असा ठेवा: काय करतो, कशावर, किती, आणि बरोबर झालं हे कशावरून कळतं.

पहिली ओळ: ‘हंगामात रोज ४० ते ४५ कामगारांच्या टोळ्यांचं नियोजन करतो. बाग बदलली तरी टोळी त्याच दिवशी कामाला लावतो. मराठी, हिंदी आणि पावरीत सूचना देतो.’

दुसरी: ‘निर्यातीच्या केळीची प्रत कॅलिपर आणि नजरेने ठरवतो, नाकारलेल्या मालाची कारणासह नोंद ठेवतो.’ ठेवत नसाल तर आजपासून ठेवा. तारीख, बागेचा कोड, नाकारलेल्या फण्या आणि कारण: बारीक, डाग, ओरखडा, जास्त तयार. महिन्याभरात तुमच्याकडे असा कागद होईल की मुलाखतीत टेबलावर ठेवता येईल. फक्त बागायतदारांची नावं, भाव आणि निर्यातदाराची कागदपत्रं त्यात नकोत. ती मालकाची आहेत, आणि आजच्या मालकाचा कागद बाहेर दाखवणाऱ्यावर उद्याचा मालकही भरवसा ठेवत नाही.

तिसरी ओळ तर तुमची जान आहे आणि तीच सगळ्यात मुकी लिहिलीत. तिघांनी सांगितलंय की गाडी चुकली की तुम्हाला बोलावतात. मग लिहा: ‘कंटेनर उशिरा आल्यास भरलेल्या पेट्यांची शीतगृहात फेररचना, कापणी थांबवणं किंवा वळवणं आणि चालक-निर्यातदार यांच्याशी बोलून नवी वेळ ठरवणं हे स्वतः करतो.’ असं गेल्या हंगामात किती वेळा झालं ते मोजा. गेट रजिस्टरमध्ये सापडेल. आकडा अंदाजाने टाकू नका. सात असेल तर सातच लिहा, सातही पुष्कळ झाले.

चौथी ओळ काढा, किंवा नेमकी करा. ‘एक्सेलमध्ये रोजचा पेट्यांचा आणि वजनाचा तक्ता ठेवतो’ एवढं जरी खरं असलं तरी ‘कॉम्प्युटरचं ज्ञान’पेक्षा ते शंभर पटीने बरं.

बोरी_काठ

एक पायरी राहिली. आपल्याकडे काय आहे ते कळलं, आता समोरच्याला काय हवंय ते बघा. जाहिराती गोळा करा, किमान १०, शक्यतो एकाच हुद्द्याच्या: शीतगृह सुपरवायझर, वखार सुपरवायझर, डिस्पॅच. डाव्या बाजूला मागितलेली कौशल्यं लिहा आणि प्रत्येक जाहिरातीला एक रेघ मारत जा. १० पैकी ६ किंवा जास्त रेघा ज्यापुढे आल्या तेच महत्त्वाचं. एकदोनदा आलेल्याच्या मागे लागू नका.

तुमच्या क्षेत्रात दोन उणिवा निघण्याची शक्यता जास्त, संगणकावर साठ्याचा हिशोब आणि इंग्रजीत ई-मेल. एक्सेलचा सगळा कोर्स करायची गरज नाही. फिल्टर, सम-इफ्स, व्ही-लूकअप आणि पिव्होट टेबल, एवढं आधी पक्कं करा, तेही तुमच्याच पेट्यांच्या आकड्यांवर. क्लासमधल्या खोट्या आकड्यांवर शिकलेलं महिन्यात विसरतं. ई-मेलचंही तसंच: उशिराची सूचना, मालाचा फरक, कागद मागणी अशी पाच पत्रं स्वतःच्या हाताने लिहून तयार ठेवा. रोज पाऊण तास दिलात तर तीन महिन्यांत फरक दिसतो. दोन्ही एकदम सुरू करू नका, हंगामात तर नकोच.

आणि वहीचा चौथा रकाना विसरू नका. एखादी गोष्ट उत्तम येते पण दर वेळी जीव थकतो, असं असेल तर ती बायोडाट्यात वरच्या ओळीला नको. जे वर लिहाल त्याचंच काम मिळेल.

अमळनेरकर_ताई

मध्येच विचारते. आमच्या बचत गटात नोकरी केलेली एकही बाई नाही. बिबड्या आणि पापड करून विकतो. हे सगळं आम्हाला लागू होतं का? गटातल्या दोघींना कुठे काम मिळालं तर हवंय.

भुसावळ_जंक्शन

ताई, नक्की लागू होतं. पगार मिळाला नाही म्हणून कौशल्य कमी होत नाही. तुमच्यासाठी १४ दिवसांऐवजी बिबड्यांची एक पूर्ण खेप घ्या, ज्वारी भिजत घालण्यापासून पैसे हातात येईपर्यंत, आणि कोणत्या बाईने काय केलं ते नावानिशी लिहा. चीक शिजवताना घट्टपणा कोण ओळखतं, उन्हाचा अंदाज घेऊन किती घालायच्या ते कोण ठरवतं, किलोमागे खर्च कोण काढतं, उधारी कोण वसूल करतं. ही चार कामं सहसा चार वेगळ्या बायकांची असतात.

जिच्याकडे गटाचं रजिस्टर आहे तिचं बघा: मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, बँकेचा भरणा, सभेचं इतिवृत्त. ‘दरमहा इतक्या सभासदांचा बचत-कर्ज हिशोब लिहिते, पासबुकाशी मेळ घालते’ ही ओळ दुकानाच्या किंवा पतसंस्थेच्या कामाला थेट चालते. उधारी वसूल करणारीचं कौशल्य विक्रीत मोडतं. अर्ज करताना रजिस्टरच्या दोन पानांची झेरॉक्स जोडा, सभासदांची नावं कागद लावून झाका. आणि त्या दोघींना आधी विचारा की हेच काम दिवसभर करायला आवडेल का. रजिस्टर नाइलाजाने गळ्यात पडलेलं असेल तर दुसरी ओळ शोधू.